बिनसनदी

नागपूरच्या महाल भागात मार्च 2025 मध्ये जो दंगा उसळला आणि ज्याच्यापायी जुन्या वस्त्यांतून काही दिवस संचारबंदीचा अंमल चालला, त्याच्या पाठोपाठ शिरस्त्याप्रमाणे सद्भावना सभांचे पेव फुटले. त्यांपैकी एका सभेची निमंत्रणपत्रिका माझ्या हाती आली. तिच्यावर सात धर्मचिन्हे होती, आणि त्यांच्याखाली महंत, मौलाना, बिशप, भंते, ग्यानी अशा उपाधींसह छापलेली सात नावे, साती पुरुषांची. स्त्रियांची योजना तळाशी, बारीक टाइपात, दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत यांसाठी केलेली होती. ज्या शहरात निर्मला देशपांडे जन्मल्या, वाढल्या, मॉरिस कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागल्या आणि 1952 मध्ये ते सर्व सोडून विनोबांच्या भूदान पदयात्रेत सामील झाल्या, त्या शहरात सलोख्याचा मक्ता सात गादीधारकांना बहाल व्हावा आणि कोणास त्यात काही खटकूही नये, ह्या विषादाने मला हा मागोवा घेण्यास प्रवृत्त केले आहे.

फार मागे जाण्याची मला हौस नाही. मुक्ताबाईंपासून बहिणाबाईंपर्यंतची संतमालिका आमच्या व्यासपीठांवर इतक्या वेळा उगाळली गेली आहे की तिच्यातला गंध वक्त्यांनीच उडवून लावला. मात्र पुण्याच्या लष्कर भागात चार बावडीच्या कडुनिंबाखाली वर्षानुवर्षे बसलेल्या सूफी हजरत बाबाजान, ज्यांच्या भेटीने मेरवान इराणी ह्या जरतुष्ट्री तरुणाच्या आयुष्यास असे वळण लागले की त्यातून पुढे मेहेरबाबा उदयास आले, आणि 1931 मध्ये ज्यांचे देहावसान झाल्यावर त्याच वृक्षाखाली ज्यांचा दर्गा उभा राहिला, त्यांचा उल्लेख त्या व्यासपीठांवरून मी एकदाही ऐकलेला नाही. त्या कोणत्याही गादीच्या वारस नव्हत्या आणि त्यांना कोणी सनद दिलेली नव्हती, हे त्याचे कारण असावे.

दंगलीत होरपळलेल्या बंगालातील नोआखालीपाशी मात्र थांबलेच पाहिजे. 1946 च्या अखेरीस गांधीजींनी आपल्या सहकाऱ्यांना एकेका उद्ध्वस्त गावी एकेकटे पाठविले, त्यांत पतियाळाच्या एका मुसलमान घराण्यातील अम्तुस्सलामबेन शिरंडी गावी तैनात होत्या. रोजे, नमाज आणि कुराणपठण यांत कधी खंड न पाडणारी ही स्त्री. गावातील हिंदूंच्या पूजेतली खड्गे दंग्यात लुटली गेली होती आणि त्यांपैकी एक काही केल्या परत मिळेना, तेव्हा त्यांनी त्या खड्गासाठी अन्नत्याग केला. मुसलमान स्त्रीने आपल्याच धर्मबांधवांच्या दारात, दुसऱ्याच्या देवघरातील शस्त्र परत मिळावे म्हणून प्राण पणाला लावावे, ह्या प्रसंगातील धर्मबुद्धीची उंची आमच्या सर्वधर्मसमभावाच्या कोणत्याही प्रबंधात मला आढळलेली नाही. 25 व्या दिवशी, 20 जानेवारी 1947 रोजी, गांधीजींच्या समक्ष गावच्या प्रमुख मुसलमानांनी हिंदूंच्या धर्माचरणास बाध न आणण्याचा कतबा लिहून दिला, तेव्हा तो उपवास सुटला. गांधीजींचे चिटणीस प्यारेलाल यांच्या ग्रंथांत हे सर्व नमूद आहे, वाचतो कोण?

त्यानंतर 25 मार्च 1959 रोजी विनोबांनी पवनारला, धाम नदीच्या काठी, ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. स्त्रियांतून शंकराचार्यांच्या तोलाची वैराग्यसंपन्न व्यक्ती निर्माण झाल्यावाचून स्त्रीजातीचा उद्धार नाही, असे त्यांचे मत होते. आणि ज्या परंपरेने सामूहिक ब्रह्मचर्य व शास्त्राध्ययन यांची दारे स्त्रियांना जवळजवळ बंदच ठेवली होती, तिच्याशी वाद घालीत न बसता त्यांनी शेती, दळणकांडण, सफाई आणि उपनिषदे एकाच दिनक्रमात बसवून टाकली. त्या मंदिराला महंत नाही, आचार्य नाही. निर्णय व्हावयाचा तो सर्वसंमतीने. विनोबांनी गीतेप्रमाणेच कुराण, धम्मपद, ख्रिस्तधर्म यांची जी सारे काढली, ती तेथील भगिनींच्या नित्य स्वाध्यायात मुरलेली असत.

पुढची तीस वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. ग्रामदानाचे फुगलेले आकडे, सर्वोदयातील फाटाफूट, आणीबाणीत विनोबांच्या 'अनुशासनपर्व' ह्या एका शब्दावरून माजलेला धुरळा, ह्या गोष्टींची रुजवात घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या लेखनाने मला प्रत्येक वेळी झोप आली आहे.

मी ज्या दशकात सजग डोळ्यांनी वावरलो ते 1993 ते 2003 चे. मुंबईच्या दंगलींनी त्याची सुरुवात झाली. त्या काळात मी विदर्भातील एका दैनिकात वार्ताहर होतो आणि निर्मलाताईंच्या हालचालींची बातमी देणे, दुसरे कोणी घेत नसल्यामुळे, माझ्याकडे आले होते. उत्तर भारताच्या त्या दीदी. आमच्या त्या ताई, 'बंधनाच्या पलीकडे' ही कादंबरी लिहिणाऱ्या पु. य. देशपांड्यांच्या कन्या. खादीची पांढरी साडी, ठेंगणी मूर्ती, आणि समोरचा माणूस कितीही संतप्त असला तरी त्याचे बोलणे पुरे होऊ देण्याची विलक्षण तितिक्षा. पंजाबात अतिरेक ऐन भरात असता त्या तेथील गावांतून पायी हिंडल्या होत्या. 1994 मध्ये त्या शांतियात्रेसाठी काश्मिरात गेल्या, जेव्हा दिल्लीतील सलोखावाले श्रीनगरचे नाव काढताच प्रकृतीच्या तक्रारी सांगत. 'गोली नहीं, बोली' ही त्यांची घोषणा. तिची टिंगल करणारी व्यंगचित्रे मी पाहिली आहेत. ज्यांनी ती काढली त्यांच्यापैकी एकही जण बनिहाल खिंडीच्या पलीकडे, काश्मीर खोऱ्यात गेलेला नव्हता.

ताई धर्मनेत्या होत्या काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई आणि तो घेणाऱ्या एका विद्वानांशी माझा पत्ररूपाने दीर्घ जाबसाल झाला. त्यांचे म्हणणे असे की दीक्षा नाही, मठ नाही, शिष्यपरंपरा नाही, तर धर्माधिकार आला कोठून? धर्माधिकार हा मठाच्या दप्तरात नोंदला जातो अशी ज्यांची धारणा आहे, त्यांना नोआखालीतील उपवास कधी उमगणार नाही. आजन्म ब्रह्मचर्य, चाळीस हजार किलोमीटरांची पदयात्रा आणि गीता व कुराण एकाच आदराने उघडणारा हात, एवढ्या भांडवलावर त्या कोणत्याही वस्तीत शिरत आणि बायका त्यांना माजघरापर्यंत नेत. मौलानांना हिंदूंच्या घरी आणि महंतांना मुसलमानांच्या घरी दिवाणखान्यापलीकडे कोण येऊ देतो? दंग्यानंतरचा खरा द्वेष दिवाणखान्यात नसतोच. तो आत, ज्या घरातला मुलगा परतला नाही त्या घरच्या चुलीपाशी असतो. (इंदिरा गांधींविषयीचा ताईंचा पक्षपात मला कधी पटला नाही, आणि 1997 मध्ये राज्यसभेची नियुक्ती स्वीकारून त्यांनी टीकाकारांना आयते कोलीत दिले, असेही मला वाटे. त्याने मूळ मुद्दा बदलत नाही.)

1999 च्या फेब्रुवारीत वाजपेयी बसने लाहोरास गेले, उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध झाले, डिसेंबरात भारतीय विमान पळवून कंदाहारला नेले गेले. अशा वेळी, मार्च 2000 मध्ये, ताईंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांची एक बस लाहोरास गेली. पलीकडे मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या वकील अस्मा जहांगीर आदींनी स्वागत केले आणि काही आठवड्यांतच तिकडच्या स्त्रिया इकडे आल्या. मी पाठविलेला सविस्तर मजकूर आमच्या संपादकांनी चार ओळींवर आणून हवामानाच्या अंदाजाखाली छापला, आणि त्याच अंकातील अग्रलेखात 'मेणबत्तीवाल्या बायकां'चा समाचार घेतला. संपादक आता हयात नाहीत, दैनिकही नाही. तरीही तो अग्रलेख मला सलतो, कारण त्यातला उपहास बसवर नव्हता, बायकांवर होता.

आणि हा उपहास नागपुरापुरताच होता असेही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात जगभरच्या हजाराहून अधिक धर्मपुरुषांचा शांतिमेळावा भरला. त्यात चीनच्या मर्जीसाठी दलाई लामांना मूळ निमंत्रणातून वगळले गेले, आणि स्त्रिया इतक्या अल्प होत्या की त्या उणिवेतूनच ऑक्टोबर 2002 मध्ये जिनीव्हास स्त्री धर्मनेत्यांची वेगळी परिषद बोलवावी लागली. गुजरात ज्या वर्षी जळत होते तेच हे वर्ष. जिनीव्हात माता अमृतानंदमयींचा सन्मान झाला, ठराव झाले, सर्व काही यथासांग झाले. परंतु त्या परिषदेहून मला महत्त्वाचे वाटते ते पुढल्याच वर्षी यादवी युद्धात सापडलेल्या लायबेरियात जे घडले ते. लेमा बोवी ह्या ल्यूथरन चर्चमधील स्त्रीच्या पुढाकाराने ख्रिस्ती व मुसलमान स्त्रिया शुभ्र वस्त्रे नेसून मोनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसून राहिल्या. अक्रा येथे तहाची मसलत रेंगाळू लागली तेव्हा त्यांनी सभागृहाची दारे अडवून आतल्या मुत्सद्द्यांना बाहेर पडू दिले नाही, आणि ऑगस्ट 2003 मध्ये तहनामा झाला. बोवींना 2011 चे नोबेल मिळाल्यावर आमच्याकडेही त्यांच्यावर लेख आले. लिहिणाऱ्यांत ते 'मेणबत्तीवाल्या बायकां'चे जुने टीकाकारही होते. नायिका आफ्रिकेतली असली की कौतुकास जोखीम नसते.

ताई 1 मे 2008 रोजी गेल्या. आपल्या सरकारने दोन वर्षांपूर्वी पद्मविभूषण दिलेच होते. पाकिस्तानने 2009 मध्ये मरणोत्तर 'सितारा-ए-इम्तियाज' दिला, ज्याची बातमी शोधण्यास मला मराठी वृत्तपत्रांची आतली पाने चाळावी लागली. पवनारच्या भगिनी आता वयोवृद्ध झाल्या आहेत, संख्या घटली आहे, आणि नव्या येत नाहीत ह्याचे खापर केवळ काळावर फोडण्यास मी तयार नाही. ज्या महाराष्ट्राने पासष्टाहून अधिक वर्षे चाललेल्या ह्या प्रयोगाकडे दिवाळी अंकापुरतेही पाहिले नाही, त्याने कोणत्या तोंडाने नव्या मुलींची अपेक्षा करावी?

दिल्ली–लाहोर बस ऑगस्ट 2019 पासून बंद आहे, आणि पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे फाटकही मिटले. तेव्हा कोणी नवी ताई उठली तरी लाहोरास जाऊ शकणार नाही, हे उघड आहे. पण नागपुरातल्या मुसलमान वस्तीच्या मोमिनपुऱ्यातून महालात येण्यास परवाना लागत नाही. ह्या शहरात कीर्तन करणाऱ्या बाया आहेत, घरोघर कुराण शिकविणाऱ्या आपा आहेत, बुद्धविहार सांभाळणाऱ्या उपासिका आहेत, रुग्णालयांतून रात्री जागणाऱ्या सिस्टर आहेत. कोणत्या घरात कोण रडत आहे हे त्यांना पोलीस चौकीच्या आधी कळते. त्यांना विचारावयाचे तर त्यांच्या दारी चालत जावे लागेल, आणि सद्भावना मंडळींच्या मोटारी त्या गल्ल्यांत शिरत नाहीत.