आधी रीळ पाहा, मग मशीन घ्या



आपल्यापैकी काहीजणींच्या घरी माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत पुठ्ठ्याचे चपटे, चौकोनी डबे असतात. उघडले की आत प्लॅस्टिकचं चाक आणि त्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत. कोणी त्याला स्पूल म्हणतं, कोणी रीळ. कॅसेट घरोघर पोचण्याआधी ज्यांना हौस होती आणि परवडत होतं, ते यावर आवाज साठवत. घरातली मैफल, कीर्तन, मंगलाष्टका, बारशाचा पाळणा, नाहीतर नुसत्या गप्पा. आता वाजवायला मशीन नाही म्हणून हे डबे तसेच पडून आहेत. दुसरीकडे अनेक हौशी मंडळी ही जुनी मशीनं शोधून, दुरुस्त करून घरी गाणी ऐकू लागली आहेत. असं मशीन घ्यायचं कसं आणि राखायचं कसं, ते आज पाहू.

एक गोष्ट आधीच सांगते. मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं, नाहीतर दुसरं मिळतं. फीत गेली की तो आवाज कायमचा गेला. म्हणून बाजारात जाण्याआधी घरातली रिळं नीट पाहायची.

हे काम कसं करतं ते थोडक्यात समजून घेऊ. फितीवर लोहाच्या संयुगाच्या बारीक पुडीचा थर असतो. फीत ज्या छोट्या चुंबकी भागाला घासून जाते त्याला हेड म्हणतात. रेकॉर्डिंग करताना हेड त्या पुडीवर आवाजाचा चुंबकी ठसा उमटवतं आणि वाजवताना तोच ठसा वाचतं. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदाच्या पट्टीवर अशी पूड लावून सुरुवात केली. १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ नावाचं मशीन लोकांसमोर आलं. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढे घरातून रिळं हळूहळू मागे पडली. फीत हेडला चिकटून जाते, हे लक्षात ठेवा. मधे केसभर धूळ आली तरी आवाज दबतो. पुढची सगळी निगा याच एका कारणासाठी आहे.

रिळाची तपासणी

पहिलं म्हणजे आकार. पट्टी घेऊन रिळाचा व्यास मोजा. घरगुती रिळं बहुधा तीन, पाच किंवा सात इंची असतात. साडेदहा इंची रिळं स्टुडिओत आणि मोठ्या मशीनवर चालत. तुमच्याकडे सात इंची रिळं असतील, तर फक्त पाच इंची रीळ बसणारं मशीन उपयोगाचं नाही.

दुसरं म्हणजे वेग. डब्यावर ९.५ किंवा १९ असा आकडा लिहिलेला असू शकतो. सेकंदाला फीत किती सेंटीमीटर सरकते, त्याचा तो आकडा. इंचात लिहिलं असेल तर पावणेचार किंवा साडेसात. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी ४.७५ हा आणखी हळू वेगही वापरत. १,२०० फुटांची फीत १९ च्या वेगाने एका बाजूला सुमारे ३२ मिनिटं चालते, ९.५ ने ६४ मिनिटं. डब्यावर काही लिहिलं नसेल तरी हरकत नाही. दुप्पट वेगाने लावली तर आवाज बरोबर एक सप्तक वर चढतो आणि माणसं चिमणीसारखी बोलतात. निम्म्या वेगाने लावली तर सप्तकभर खाली जातो. कान लगेच सांगतो.

तिसरं म्हणजे ट्रॅक. फितीची रुंदी पाव इंच, पण तेवढ्या रुंदीतही पट्टे पाडलेले असतात. काही मशीनं दोन पट्टे वापरत, त्यांना हाफ ट्रॅक म्हणतात. काही चार पट्टे वापरत, ती क्वार्टर ट्रॅक. चार पट्ट्यांची फीत हाफ ट्रॅक स्टिरिओ मशीनवर लावली, तर सरळ गाण्यात दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं मिसळून ऐकू येतं. दोन पट्ट्यांची मोनो फीत क्वार्टर ट्रॅक मशीनवर चालते. फक्त डावा स्पीकर ऐकायचा, कारण उजव्यातून दुसरी बाजू उलटी वाजते. रिळं मिश्र असतील किंवा काहीच ठाऊक नसेल, तर क्वार्टर ट्रॅक मशीन घेणं सोयीचं.

चौथं म्हणजे फितीची तब्येत. रीळ उजेडासमोर धरा. बाजूने पाहताना गुंडाळीतून उजेड आरपार झिरपत असेल, तर फीत बहुधा ॲसिटेटची आहे. जुनी ॲसिटेट फीत ठिसूळ होते आणि झटक्याने तुटते. पॉलिएस्टरची फीत सहसा तुटत नाही, पण ओढली तर ताणली जाते. नंतर डब्याचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट सडायला लागलं आहे. ते रीळ इतरांपासून वेगळं ठेवा आणि वाजवण्याच्या यादीत पहिलं घाला. कडेला पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत ही हमखास धरते. असं रीळ घरात झटकू नका, नाकातोंडात जाते. वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्या.

मशीन निवडताना

ग्रुंडिग आणि फिलिप्सची हातात उचलून नेण्याजोगी पेटीवजा मशीनं त्या काळी घरोघरच्या हौशी मंडळींकडे असत. त्यांतली जुनी वाल्व्हची आहेत, सुरू केल्यावर तापायला थोडा वेळ घेतात. बोलण्याच्या मोनो फितींना पुरेशी आहेत. गाणं ऐकायची आवड असेल तर अकाई ४०००डी सारखं सात इंची, क्वार्टर ट्रॅक स्टिरिओ मशीन बघावं. ते घेताना एक छोटी गोष्ट मागून घ्या. फीत ओढणाऱ्या चकचकीत दांडीवर चढवायची धातूची नळी त्यासोबत येते. ती चढवल्याशिवाय १९ चा वेग मिळत नाही. आणि नेमकी तीच हरवलेली असते. त्याहून वरचं हवं असेल तर १९६७ मध्ये आलेलं स्वित्झर्लंडचं रेव्हॉक्स ए७७. ते साडेदहा इंची रीळही घेतं. पण हाफ ट्रॅक आणि क्वार्टर ट्रॅक असे त्याचे दोन्ही प्रकार आहेत, तेव्हा कोणता तो विचारून घ्या.

पुण्यात जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात अशी मशीनं दिसतात. परदेशातून आलेली असतील तर मागची पाटी वाचा. अमेरिकेतलं मशीन सुमारे ११७ व्होल्टचं आणि ६० हर्ट्झचं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेजचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, हर्ट्झचा सुटत नाही. ज्या मशीनची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते, ती इथे सहावा हिस्सा हळू फिरते आणि सूर सुमारे तीन स्वर खाली येतो. काळी दोनमध्ये गाणारी बाई पांढरी एकमध्ये गायल्यासारखी वाटेल. काही मशीनमध्ये मोटरची पुली बदलून किंवा पट्टा दुसऱ्या खाचेत घालून हे जमतं. रेव्हॉक्स ए७७ मध्ये वेगावर इलेक्ट्रॉनिक ताबा असल्याने ही अडचण येत नाही. म्हणून ‘५० हर्ट्झवर बरोबर चालतं का?’ हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

दुकानात मशीन नुसतं दिवे लागताना पाहू नका, वाजवून पाहा. घरातली मौल्यवान फीत मात्र नेऊ नका. दुकानातली किंवा टाकाऊ फीत लावा. लांब ताणलेला स्वर, म्हणजे तंबोरा किंवा बासरी, ऐका. सूर डुलत असेल तर पट्टा सैल झाला असेल किंवा रबरी रोलर कडक झाला असेल. दोन्ही बदलता येतात, पण त्याचा खर्च किमतीत धरा. पुढे आणि मागे जोरात फिरवून एकदम थांबवा. दोन्ही चाकं एकत्र थांबली पाहिजेत. फितीचा फुगा झाला किंवा ती ताणली गेली, तर ब्रेक बिघडलेत. मशीन बंद करून हेडवरून नख फिरवा. फीत जाते तिथे खोल चर लागला तर हेड झिजलं आहे. हे सगळ्यात महागडं काम. अकाईच्या जीएक्स नावाच्या काच आणि फेराइटच्या हेडला मात्र झीज फार कमी होते.

घरी आणल्यावर

वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगला लावू नका. आतले कपॅसिटर म्हातारे झालेले असतात. काही फुटून धूर काढतात. चांगल्या मेकॅनिककडून ते तपासून घ्या आणि पहिल्यांदा सिरीज बल्ब लावूनच सुरू करा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि मशीन वाचतं. मागचं झाकण स्वतः उघडू नका. वाल्व्हच्या मशीनमध्ये खूप जास्त व्होल्टेज असतं आणि प्लग काढल्यावरही काही काळ आत वीज साठून राहते.

रोजची निगा मात्र आपल्याला सहज जमते. साधारण आठ तास वाजवल्यावर हेड, फितीच्या वाटेतले खिळे आणि चकचकीत दांडी पुसायची. मशीन बंद करून, इअर बडला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने. बडवर तपकिरी डाग येईनासे होईपर्यंत. रबरी रोलरला अल्कोहोल नको, रबर कोरडं पडतं. त्याला सौम्य साबणाच्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं लावा आणि वाळू द्या. तेल द्यायचं तर मशीनच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, हलकं मशीनचं तेल आणि एकच थेंब. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल कधीही नाही, ते चिकट होऊन बसतं. रबराला तेल लागलं तर फीत सरकणारच नाही.

हेडवर हळूहळू चुंबकत्व चढतं आणि आवाजात खरखर वाढते. ते डीमॅग्नेटायझरने काढतात. मशीन बंद, फिती दुसऱ्या खोलीत. उपकरण हातभर लांब धरून सुरू करायचं, सावकाश हेडजवळ न्यायचं, तितकंच सावकाश मागे घ्यायचं आणि लांब आल्यावरच बंद करायचं. जवळ असताना बंद केलं तर उलट चुंबकत्व चढतं.

पहिल्यांदा वाजवताना

टाकाऊ फितीवर काही दिवस मशीन नीट चाललं, की मगच घरातलं रीळ लावा. आणि लावण्याआधी लाल बटण कोणतं ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. कॅसेटला मागे एक पाकळी असायची, ती तोडली की कोणी त्यावर रेकॉर्ड करू शकत नसे. रिळाला तशी सोय नाही. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज पुसून त्या जागी आपल्या खोलीतली शांतता उमटेल.

वाजवताना फीत किंचाळू लागली, चिकटू लागली किंवा हेडवर तपकिरी चिखल बसला, तर तिथेच थांबा. १९७० आणि ८० च्या दशकातल्या काही फितींवरचा चिकटवणारा थर दमट हवेने मऊ होतो. त्यावर ठरावीक तापमानाला उष्णता देण्याचा उपाय आहे, पण तो प्रयोगशाळेतला. घरच्या ओव्हनमध्ये करायचा नाही आणि ॲसिटेटच्या फितीवर तर कुठेच नाही. फीत तुटली तर साधा सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. जोडायची खास पट्टी मिळते, ती वापरा.

पहिल्याच वेळी मशीनच्या लाइन आउटमधून वायर काढून संगणकावर रेकॉर्डिंग करून घ्या. नाजूक फीत दुसऱ्यांदा तितकी चांगली वाजेलच असं नाही. एकदा नक्कल झाली की रोज ऐकायला ती आहेच, आणि सणासुदीला रीळ फिरताना पाहत ऐकायची मजा वेगळी. नक्कल झाली म्हणून मूळ फीत टाकू नका.

वाजवून झालं की लगेच मागे गुंडाळू नका. शेवट बाहेर राहील असंच ठेवा, वाजवण्याआधी मागे घ्या. वाजताना गुंडाळी सारखी बसते आणि एका वेढ्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटला तरी तो आवाजाआधी नव्हे, नंतर ऐकू येतो, म्हणून कमी खटकतो. डबे उभे ठेवा, स्पीकर आणि मोटरपासून लांब. पावसाळ्यात घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि दर महिन्याला बघा.

शेवटी एक काम, ज्याला मशीनही लागत नाही. डब्यावर कोणाचा आवाज, कोणतं वर्ष, कोणता प्रसंग, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. हा आवाज कोणाचा, हे ओळखणारं माणूस घरात आहे तोवरच हे काम होतं.