अंश आणि छेद

अमेरिकेत बंदुका आणि बेकायदा स्थलांतर यांवरचे वाद आकड्यांनी लढले जातात. आकडे बहुधा खरेच असतात. ते कशाचे आहेत आणि त्यांना कशाने भागले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

२०२१ साली तिथे बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. हा आकडा ऐकताच डोळ्यांसमोर खून येतो. प्रत्यक्षात त्यांत खून २०,९५८ आणि आत्महत्या २६,३२८ होत्या. खून रोखणारा कायदा आत्महत्याही रोखेलच, असे नाही.

स्थलांतरितांचेही तसेच. केंद्राच्या तुरुंगांत परदेशी नागरिकांचे प्रमाण मोठे दिसते. पण देशातले बहुसंख्य कैदी राज्यांच्या तुरुंगांत असतात, आणि चोरून सीमा ओलांडण्याचा गुन्हा केंद्राच्या कायद्यातला आहे.

टेक्सासमध्ये अटक झालेल्याच्या बोटांचे ठसे केंद्राकडे पाठवून त्याचा नागरिकत्वाचा दर्जा तपासतात. २०१२ ते २०१८ मधल्या या नोंदींना मायकेल लाइट आणि सहकाऱ्यांनी त्या-त्या गटाच्या लोकसंख्येने भागले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : हिंसक गुन्ह्यांतील अटकेचे प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांमध्ये बेकायदा स्थलांतरितांच्या दुपटीहून अधिक होते. यातली बेकायदा स्थलांतरितांची लोकसंख्या अर्थातच अंदाजाची आहे. पण अंदाजाचा छेद हा छेदच नसण्यापेक्षा बरा.

जिची मुलगी मारली गेली, त्या आईचे या प्रमाणाने सांत्वन होत नाही. व्हावे अशी अपेक्षाही करू नये. पण तिच्या दुःखाच्या आधारे लाखोंचा निवाडा करायचा असेल, तर अंशाखाली काय लिहिले आहे, ते वाचावेच लागते.