गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस : आरोग्यसेवकांचे ज्ञान व वृत्ती

कोणत्याही लसीचा प्रसार तिच्या गुणांइतकाच ती सुचविणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून असतो. म्हणूनच एच.पी.व्ही. लसीच्या अभ्यासात डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेविका यांचे ज्ञान आणि त्यांची वृत्ती यांची पाहणी करण्याचा प्रघात पडला आहे. ज्ञान वाढले की वृत्ती आपोआप अनुकूल होते, असे अशा पाहण्यांत पुष्कळदा गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम ज्ञानाविषयी. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १६ व १८ या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग उद्भवतात. हा कार्यकारणसंबंध प्रस्थापित करणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लस संसर्गाला प्रतिबंध करते. झालेला संसर्ग ती बरा करीत नाही. म्हणून ती ९ ते १४ या वयात देणे इष्ट, आणि लस घेतलेल्या स्त्रीलाही पुढे तपासणीची आवश्यकता राहतेच. मात्र मात्रांच्या संख्येविषयीचे ज्ञान स्थिर राहिलेले नाही. आरंभी तीन मात्रा आवश्यक मानीत. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलींसाठी दोन पुरेशा ठरविल्या आणि २०२२ साली एका मात्रेचा पर्यायही मान्य केला. तेव्हा 'तीन' असे उत्तर देणारा डॉक्टर अज्ञानी नसून त्याचे ज्ञान जुने झालेले असते. प्रश्नावलीच्या गुणांकनात हा भेद सहसा उमटत नाही.

वृत्तीची घडण निराळी असते. भारतात २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील बडोदा या जिल्ह्यांत लसीचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. त्या काळात सात मुलींचे मृत्यू घडले आणि २०१० साली प्रकल्प थांबविण्यात आला. मृत्यू लसीमुळे झाले असण्याची शक्यता चौकशीत फारशी दिसली नाही. परंतु संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर दोष आढळले. कित्येक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीनेही या व्यवहारावर कठोर टीका केली. वस्तुतः लसीची सुरक्षितता आणि संमतीची नीती हे दोन भिन्न प्रश्न होत. लोकचर्चेत ते एकरूप झाले, आणि विषाणूविषयी सर्व काही जाणणाऱ्या डॉक्टरालाही लस सुचविताना संकोच वाटावा, अशी परिस्थिती उत्पन्न झाली.

याच घटनाक्रमाचा एक अनपेक्षित परिणाम येथे नमूद केला पाहिजे. त्याच सुमारास मुंबई, पुणे, बार्शी इत्यादी केंद्रांत दोन व तीन मात्रांची तुलना करणारा स्वतंत्र अभ्यास चालू होता. २०१० च्या आदेशाने त्यातील लसीकरणही थांबले आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढील दशकभराच्या निरीक्षणात त्या मुलींनाही १६ व १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण लाभल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. एका मात्रेच्या शिफारशीला आधार देणाऱ्या पुराव्यांत याची गणना होते. ज्या घटनेने वृत्ती प्रतिकूल केली, तिनेच ज्ञानात भर घातली.

याउलट सिक्कीममध्ये २०१८ साली शाळांमधून लस देण्यापूर्वी आरोग्यसेवक, शिक्षक व पालक यांच्याशी सविस्तर संवाद साधण्यात आला. तेथे ९५ टक्क्यांहून अधिक मुलींनी पहिली मात्रा घेतली.

यावरून संशोधकाने दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. ज्ञानाचे प्रश्न विचारताना उत्तर कोणत्या वर्षीच्या शिफारशीशी जुळते, हे नोंदवावे. वृत्तीविषयी 'आपण लस सुचवाल काय?' एवढेच न विचारता, मागील महिन्यात भेटलेल्या किती पात्र मुलींच्या पालकांशी हा विषय प्रत्यक्ष काढला, हे विचारावे. पहिल्या प्रश्नाला होकार देणे सोपे असते. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूचा विषय दहा वर्षांच्या मुलीच्या आईसमोर काढणे कठीण असते, आणि मुलीचे संरक्षण अखेर त्या दुसऱ्या गोष्टीवरच अवलंबून आहे.