वाणी कोणाची, लेखणी कोणाची?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील ज्या कृष्णवर्णीय वक्त्यांनी गुलामगिरीविरुद्ध आवाज उठविला, त्यांची भाषणे आज आपल्यापुढे येतात ती छापील रूपात. वक्त्याची वाणी आणि छापील अक्षर यांच्यामध्ये पुष्कळदा दुसऱ्याच कोणाची तरी लेखणी उभी असते. ती कोणाची, हे पाहिल्यावाचून अशा भाषणाचे मूल्यमापन करणे धोक्याचे आहे.

सोजर्नर ट्रूथ यांचेच उदाहरण घ्यावे. १७९७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात एका डचभाषी कुटुंबाच्या घरी त्या गुलाम म्हणून जन्मल्या. त्यांची पहिली भाषा डच. इंग्रजी त्या मागाहून शिकल्या. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हते. मे १८५१ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे भरलेल्या स्त्रीहक्क परिषदेत त्या बोलल्या. परिषदेस हजर असलेले त्यांचे स्नेही मारियस रॉबिन्सन यांनी पुढच्याच महिन्यात त्या भाषणाचा वृत्तांत ‘अँटी-स्लेव्हरी ब्यूगल’ या पत्रात दिला. त्याची भाषा साधी आणि सरळ आहे.

बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस गेज यांनी त्याच भाषणाचा दुसरा पाठ प्रसिद्ध केला. आपण स्त्री नव्हे काय, हा प्रश्न त्यात पालुपदासारखा येतो. पहिल्या पाठात तो नाही. दक्षिणेतील गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली गेजबाईंनी या उत्तरेकडील स्त्रीच्या तोंडी घातली. तिच्या पाच मुलांची तेरा केली. पुढे जगभर गाजला तो हाच पाठ. हेतू सहानुभूतीचा खरा. पण बोललेल्या स्त्रीच्या जागी कल्पनेतील गुलाम स्त्री येऊन बसली.

फ्रेडरिक डग्लस यांना हा धोका अनुभवाने ठाऊक होता. आपली हकीकत तेवढी सांगावी, मीमांसा आमच्याकडे सोपवावी, बोलण्यात मळ्यावरील गुलामाचा थोडा ढंग असू द्यावा, असा सल्ला त्यांना गोऱ्या सहकाऱ्यांकडूनच मिळाला होता. तो त्यांनी मानला नाही. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या दृष्टीने काय, हा प्रश्न विचारणारे ५ जुलै १८५२ चे रॉचेस्टर येथील भाषण त्यांनी आधी लिहून काढले आणि लगोलग पुस्तिकारूपाने छापविले.

ट्रूथबाईंना ही वाट मोकळी नव्हती. म्हणून त्यांच्या भाषणाचे दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचावेत, आणि गाजलेल्या पाठापेक्षा जवळच्या काळातील पाठाला अधिक मान द्यावा. तोही अक्षरशः त्यांचा नव्हेच. हे भाषण कागदावर उतरविणे अशक्य आहे, अशी कबुली रॉबिन्सन यांनी प्रारंभीच दिली होती. ती कबुलीच त्यांच्या पाठाला अधिक विश्वसनीय करते.