जांभळ्याचं पिवळं होताना

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात साग, ऐन, मोहाच्या सोबतीनं हिरडाही वाढतो. त्याचं वाळलेलं फळ चघळलं की जीभ आवळून येते. ही करामत टॅनिनची. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंडातलं वंगणच हरपतं. तुरट चव ओळखणारी जीभ ही हिरड्याची पहिली प्रयोगशाळा.

दुसरी काचेची. २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. इथल्या विद्यार्थ्याला नमुन्यासाठी लांब जायला नको. फळाची पूड द्रावकात भिजवायची, गाळायची आणि तो अर्क डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या गर्द जांभळ्या द्रावणात सोडायचा. डीपीपीएचच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. टॅनिन त्याला आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि जांभळा रंग विटत पिवळा होतो! किती विटला, ते ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्र मोजतं. निम्मा रंग उतरवायला जितका कमी अर्क पुरेल, तितका तो ऑक्सिडीकरण रोखण्यात जोरकस. तुलनेला शेजारी क जीवनसत्त्व असतंच.

जंतूंची परीक्षा रात्रभर चालते. थाळीतल्या अगारच्या जेलीसारख्या थरावर जंतू पसरायचे, मध्ये छोटा खळगा पाडून अर्क भरायचा, दुसऱ्या खळग्यात नुसता द्रावक. नाहीतर जंतू अर्कानं मारले की द्रावकानं, कळणार कसं? ३७ अंशांच्या उबेत सकाळपर्यंत जंतूंची दुधी साय धरते. अर्काभोवती मात्र स्वच्छ कडं! ते मिलिमीटरमध्ये मोजतात. पण टॅनिनचे थोराड रेणू अगारमधून सावकाश सरकतात, म्हणून कडं लहान दिसलं तरी अर्क दुबळा ठरत नाही.

द्रावकही बेरकी असतो; अर्कात काय उतरणार, ते तोच ठरवतो. गडचिरोलीला हिवताप नवा नाही. त्यावरचं आर्टेमिसिनीन चीनच्या तू यूयू यांना १९७२ मध्ये सापडलं, ते उष्णता टाळून, ईथरनं एका वनस्पतीचा अर्क काढल्यावर. त्यासाठी २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणून इथला वैदू औषधासाठी पाला उकळतो की थंड पाण्यात चुरतो, हेही टिपून ठेवावं.

आणि थाळीतलं कडं म्हणजे औषध नव्हे. थाळीत टॅनिनपुढे जंतूच असतात. पोटात अन्नातली प्रथिनं असतात, आणि प्रथिनं दिसली की टॅनिन काय करतं, हे जिभेनं आधीच सांगितलंय.