टाळ्या आणि आसवे

आज नाताळ. चर्चमध्ये दीप उजळतील, गव्हाणीचे देखावे सजतील आणि उपासनेच्या मध्यावर धर्मगुरू प्रवचनास उभे राहतील. सणाच्या गडबडीत या प्रवचनाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. परंतु ज्याचे आयुष्य नारदांच्या गादीवर उभे राहून बोलण्यात गेले, त्याचे कुतूहल नेमके तेथेच घुटमळते. समोरच्याचे मन वळवावे कसे, आणि ते वळले हे ओळखावे कशावरून?

या प्रश्नाचा अत्यंत प्रांजळ विचार मला संत ऑगस्टीन यांच्या ठायी आढळला. इ.स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेले हे गृहस्थ मूळचे वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक. मिलान नगरीत बिशप अँब्रोज यांच्या प्रवचनांना ते जाऊ लागले, ते केवळ शैली पारखण्यासाठी. शब्दांच्या पाठोपाठ अर्थही नकळत अंतःकरणात शिरला आणि ३८७ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काव्याचा उपदेश प्रभूच्या आज्ञेसारखा नव्हे, मित्राच्या सल्ल्यासारखाही नव्हे, तर प्रिय पत्नीने गोडीने मन वळवावे तसा असतो, असे आमचा मम्मट सांगतो. त्याला याहून चांगला दाखला कोणता?

पुढे हिप्पो येथे बिशप झाल्यावर त्यांनी आयुष्यभर प्रवचने केली. लेखनिकांनी टिपून घेतलेली त्यांतील पाचशेहून अधिक आजही उपलब्ध आहेत. गंमत अशी की तेथे वक्ता आसनावर बसे आणि श्रोते उभे राहत. आमच्या कीर्तनाच्या अगदी उलट! उभ्या श्रोत्याला कंटाळा आला की तो चेहऱ्यावर लगेच दिसतो, हे ऑगस्टीन जाणून होते. लॅटिनमध्ये ‘हाड’ आणि ‘मुख’ या अर्थांचे दोन शब्द केवळ स्वराच्या ऱ्हस्वदीर्घाने वेगळे होतात. आफ्रिकेतील सामान्य जनांच्या कानांना तो भेद कळत नसे. म्हणून हाडासाठी खुशाल अशुद्ध, ग्रामीण रूप वापरावे, असा सल्ला या व्याकरणनिपुण पंडिताने दिला आहे. ते वाचताना संस्कृताच्या पाठशाळेत वाढलेला मी क्षणभर ओशाळलो.

आपल्या महाराष्ट्रात हेच मर्म रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखले होते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने अभंग आणि कीर्तन हीच प्रचाराची साधने मानली. अहमदनगरच्या बाजूला पूर्वरंग-उत्तररंगासह ख्रिस्ताचे आख्यान रंगे, आणि श्रोत्याला आपण परक्या घरी आलो असे वाटत नसे.

तथापि, रंगणे म्हणजे साधणे नव्हे. मॉरिटेनियातील सीझरिया या नगरात एक भयंकर रूढी होती. वर्षातील ठराविक काळी नागरिक दोन तट करून सलग काही दिवस दगडांनी लढत. भाऊ भावावर, बाप लेकावर धोंडा उचली आणि माणसे मरत. ऑगस्टीन तेथे याविरुद्ध बोलले. लोकांनी जयघोष केला. ते स्वतः लिहितात की त्या जयघोषाने आपण काही साधले असे त्यांना वाटले नाही. लोकांना शिकवण पटली होती आणि बोलणे आवडले होते, इतकेच. ते बोलतच राहिले. श्रोत्यांच्या डोळ्यांत आसवे दिसली, तेव्हाच त्यांचा जीव खाली पडला. हे त्यांनी लिहिले, तोवर आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि दगड पुन्हा उचलले गेले नव्हते.

हा प्रसंग वाचला की मला एका गावचा उत्सव आठवतो. शेताच्या बांधावरून दोन सख्ख्या भावांत वैर होते. ते ठाऊक असल्यामुळे मी मुद्दाम भरतभेटीचे आख्यान लावले. पेटी-तबल्याची साथ उत्तम होती, गळाही लागला होता. पादुकांच्या प्रसंगाला मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि खरे सांगायचे तर मी सुखावलो. त्या टाळ्यांत दोघाही भावांचे हात होते. आरती झाली, बुक्का लावून घेऊन दोघे उठले आणि मंडपाच्या दोन वेगवेगळ्या दारांनी निघून गेले.