भूदासमुक्तीचा हिशेब : १८६१ ची सुधारणा आणि १९०५ चा उठाव

झारशाहीच्या अखेरच्या अर्धशतकाचा अभ्यास करताना एक प्रश्न टाळता येत नाही : दुसऱ्या अलेक्झांडरच्या सुधारणांनी क्रांती लांबणीवर टाकली, की तिची पूर्वतयारी केली? या प्रश्नाची उत्तरे बहुधा झारच्या स्वभावावरून किंवा क्रांतिकारकांच्या विचारसरणीवरून दिली जातात. ती सर्वस्वी चुकीची नव्हेत. परंतु भूदासमुक्तीच्या कायद्यातील आर्थिक कलमांकडे त्यांत जितके लक्ष पुरविले जावयास हवे तितके पुरविले जात नाही. रशियन शेतकऱ्याने राज्यसत्तेशी मांडलेले भांडण पुष्कळ अंशी या कलमांतूनच उगवले. (पुढील रशियन घटनांचे दिनांक जुन्या रशियन पंचांगानुसार आहेत.)

क्रिमियाच्या युद्धातील (१८५३–५६) पराभवाने रशियन लष्कराचे आणि त्यामागील समाजव्यवस्थेचे दौर्बल्य उघडे पडले. मार्च १८५६ मध्ये मॉस्कोच्या उमरावांसमोर बोलताना अलेक्झांडरने सूचित केले की, भूदासपद्धती खालून आपोआप नष्ट होण्याची वाट पाहण्यापेक्षा ती वरून नाहीशी केलेली बरी. सुधारणा आणि क्रांती यांचे नाते खुद्द झारच्याच तोंडून अशा रीतीने प्रथमपासून सांगितले गेले होते. त्यानंतर पाच वर्षे समित्यांचे काम चालले. निकोलाय मिल्यूतिनसारख्या सुधारणावादी अधिकाऱ्यांनी मसुदा पुढे रेटला, उमरावांनी तो शक्य तेथे छाटला, आणि १९ फेब्रुवारी १८६१ रोजी झारची स्वाक्षरी झाली. खाजगी जमीनदारांच्या मालकीचे सुमारे सव्वादोन कोटी स्त्रीपुरुष या कायद्याने व्यक्तिशः मुक्त झाले. त्यांना विवाह करण्यास, व्यापार करण्यास, मालमत्ता धारण करण्यास आता धन्याची अनुज्ञा लागणार नव्हती.

जमिनीची गोष्ट मात्र निराळी होती. शेतकऱ्याला जमिनीचा हिस्सा मिळावयाचा, पण मोबदला देऊन. हा मोबदला कसा ठरविला गेला हे नीट पाहिले पाहिजे. शेतकरी जमीनदाराला दरसाल जो रोख खंड देत असे, तो सहा टक्के व्याज आहे असे धरून त्याचे मुद्दल काढण्यात आले. समजा, खंड ९ रूबल आहे. तर मुद्दल १५० रूबल झाले. पूर्ण हिश्श्याच्या बाबतीत त्याचे ऐंशी टक्के, म्हणजे १२० रूबल, सरकारने रोख्यांच्या रूपाने जमीनदाराला द्यावयाचे. उरलेले ३० रूबल शेतकऱ्याने परभारे द्यावयाचे. (जमीनदाराने एकतर्फी मागणी करून व्यवहार घडवून आणला, तर या तीस रूबलांवर त्याला पाणी सोडावे लागे.) सरकारच्या १२० रूबलांपोटी शेतकऱ्याने वर्षाला ७ रूबल २० कोपेक याप्रमाणे ४९ वर्षे हप्ते भरावयाचे. पुढे सवलती मिळाल्या नसत्या, तर ही एकूण रक्कम ३५२ रूबल ८० कोपेक झाली असती.

या आकडेमोडीतील मख्खी अशी की, हिशेबाचा पाया जमिनीची किंमत हा नसून खंड हा होता. ज्या उत्तरेकडील प्रांतांत जमीन नापीक होती, तेथे शेतकरी आपला खंड हस्तव्यवसायातून किंवा शहरातील मजुरीतून भरीत असे. अशा खंडाचे मुद्दल काढणे म्हणजे शेतकऱ्याच्या श्रमाचीच किंमत त्याच्याकडून वसूल करणे होय. माणसाच्या मुक्ततेसाठी मोबदला घ्यावयाचा नाही, हे कायद्याचे जाहीर तत्त्व होते. ते अशा प्रकारे मागील दाराने मोडले गेले. दक्षिणेकडील काळ्या मातीच्या प्रांतांत उलट जमीनच मोलाची. म्हणून तेथे शेतकरी पूर्वापार कसत आलेल्या क्षेत्रातूनच तुकडे कापून जमीनदाराकडे ठेवण्यात आले. बहुधा कुरण, पाणवठा किंवा रान अशा तुकड्यांत जाई, आणि त्यावाचून शेती चालत नसल्यामुळे शेतकऱ्याला ते पुन्हा खंडाने घ्यावे लागत. पश्चिमेकडील प्रांतांत मात्र १८६३ च्या पोलिश उठावानंतर अटी शेतकऱ्यांना अनुकूल करण्यात आल्या, कारण तेथील जमीनदार बव्हंशी पोलिश होते! न्यायाचे गणित राजकारणाप्रमाणे बदलू शकत होते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याचे कारण नाही.

शेतकऱ्यांनी हा कायदा कसा वाचला, हे कझान प्रांतातील बेज्द्ना या गावी एप्रिल १८६१ मध्ये दिसून आले. अंतोन पेत्रोव्ह नावाच्या साक्षर शेतकऱ्याने त्या किचकट दस्तऐवजातील नमुन्यांतल्या शून्यांचा अर्थ लावून ‘खरी मुक्ती’ शोधून काढली : जमीन सारी शेतकऱ्यांची आणि धन्याचे देणे काही नाही. हजारो लोक त्याच्याभोवती जमले. लष्कराने गोळीबार केला, अनेक शेतकरी ठार झाले आणि पेत्रोव्हला गोळी घालून देहदंड देण्यात आला. मृतांसाठी झालेल्या प्रार्थनेच्या प्रसंगी कझान विद्यापीठातील इतिहासाचे अध्यापक अफनासी श्चापोव्ह यांनी भाषण केले, आणि त्याबद्दल त्यांना अटक झाली. पेत्रोव्हचे वाचन चुकीचे होते खरे; पण जो कसतो त्याची जमीन, ही त्यामागील धारणा पुढील छप्पन्न वर्षे ढळली नाही.

हप्त्यांच्या वसुलीची जबाबदारी सरकारने ‘मीर’ या ग्रामसमुदायावर टाकली. रयतवारीत साऱ्याची जबाबदारी ज्या त्या खातेदाराची असते. रशियात ती साऱ्या गावाची एकत्रित होती. एकाने हप्ता चुकविला तर तो इतरांनी भरावयाचा. साहजिकच कोणाही कमावत्या माणसाला गाव सोडू देणे मीरला परवडत नसे, आणि परगावी जाण्यासाठी लागणारा परवाना हे तिच्या हातातील शस्त्र बनले. अनेक ठिकाणी ती जमिनीची पुन्हा पुन्हा वाटणी करी, तेव्हा आपला हिस्सा सुधारण्यात शेतकऱ्याला फारसे स्वारस्य राहिले नाही. धन्याच्या जागी मीर आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु शेतकरी स्वतंत्र नागरिक झाला असेही म्हणता येत नाही.

१८६४ ची झेम्स्त्वो ही स्थानिक मंडळे, त्याच वर्षीची ज्यूरीयुक्त न्यायव्यवस्था, १८७४ ची सक्तीची लष्करी सेवा या इतर सुधारणांचे महत्त्व मोठे आहे. शेतकरी मात्र या नव्या न्यायव्यवस्थेच्या उंबरठ्यावरच राहिला. त्याचे किरकोळ तंटे आणि गुन्हे त्याच्यासाठी असलेल्या वेगळ्या न्यायालयांपुढे चालत आणि तेथे फटक्यांची शिक्षा १९०४ पर्यंत कायम होती.

१ मार्च १८८१ रोजी ‘नरोदनाया वोल्या’च्या बाँबने अलेक्झांडरचा बळी घेतला. निवडक लोकप्रतिनिधींना कायद्यांच्या विचारविनिमयात सहभागी करण्याच्या लोरिस-मेलिकोव्ह यांच्या योजनेस त्याने त्याच सकाळी संमती दिली होती. ती योजना बारगळली. तिसऱ्या अलेक्झांडरच्या राजवटीत डिसेंबर १८८१ च्या कायद्याने हप्ते थोडे कमी झाले हे खरे. परंतु १८८९ मध्ये ग्रामीण भागावर उमराव वर्गातील अधिकारी नेमण्यात आले आणि १८९३ मध्ये, सारे देणे फेडलेल्या शेतकऱ्यासही मीरच्या संमतीवाचून तिच्यातून बाहेर पडता येणार नाही, असे ठरले. मीर ही शांततेची हमी आहे अशी सरकारची समजूत होती.

ही समजूत किती भ्रामक होती ते लवकरच कळले. १९०२ मध्ये पोल्तावा आणि खारकोव्ह प्रांतांत शेतकऱ्यांनी जमीनदारांची धान्यकोठारे लुटली. १९०३ मध्ये एकत्रित जबाबदारी बहुतेक ठिकाणी रद्द झाली, पण तोवर वेळ निघून गेली होती. १९०५ च्या शरदात वाडे जळू लागले, तेव्हा रान तोडावयाचे की नाही, धान्य न्यावयाचे की नाही, याचे निर्णय अनेक ठिकाणी ग्रामसभेतच घेतले गेले. वसुलीसाठी जपलेली यंत्रणा उठावाची यंत्रणा बनली. ३ नोव्हेंबर १९०५ च्या जाहीरनाम्याने पुढील वर्षाचे हप्ते निम्मे केले आणि १ जानेवारी १९०७ पासून ते समूळ माफ केले. चव्वेचाळीस वर्षे जे देणे अटळ मानले गेले, ते काही आठवड्यांच्या दंग्यांनी सुटले. यातून शेतकऱ्याने कोणता धडा घेतला असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या हप्त्यांनी शेतकरी खरोखर कंगाल झाला काय, याविषयी अलीकडच्या संशोधकांत मतभेद आहेत. अलेक्झांडर गर्शेनक्रोन यांनी १९६५ मध्ये मांडलेले मत असे की, १८६१ च्या व्यवस्थेने शेतीची वाढ खुंटविली. जेम्स सिम्स यांनी १९७७ मध्ये यावर आक्षेप घेतला : उपभोग्य वस्तूंवरील अप्रत्यक्ष करांचे उत्पन्न वाढत होते, तेव्हा ग्रामीण जनतेची क्रयशक्ती घटत होती असे कसे म्हणावे? हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. शिवाय सर्वत्र सारखी स्थिती नव्हती. उत्तर आणि मध्य काळ्या मातीचा पट्टा यांत मोठा फरक आढळतो. तथापि असंतोष हा केवळ दारिद्र्याच्या प्रमाणात वाढतो असे गृहीत धरण्याचे कारण नाही. आपलीच असलेली जमीन विकत घ्यावी लागते, ही भावना हप्ता परवडणाऱ्या शेतकऱ्याच्याही मनात असू शकते.

९ नोव्हेंबर १९०६ च्या आदेशाने स्तोलिपिन यांनी शेतकऱ्याला मीरमधून आपला हिस्सा वेगळा काढण्याची मुभा दिली. सरकारने ज्या संस्थेला जपले तिच्याच विघटनाचा हा प्रयत्न होता. महायुद्धापर्यंत लक्षावधी कुटुंबांनी त्याचा लाभ घेतला. १९१७ मध्ये मध्यवर्ती सत्ता कोसळताच गावोगावच्या मीरनी जमीनदारांच्या जमिनी आपल्या वाटणीत घेतल्या आणि वेगळ्या झालेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांना, बहुधा त्यांच्या मर्जीविरुद्ध, पुन्हा समुदायात ओढले.